ट्रेडलेन्स: वही सर्वांची, मालकी एकाची

२९ नोव्हेंबर २०२२ रोजी डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क आणि अमेरिकेची संगणक कंपनी आयबीएम यांनी ‘ट्रेडलेन्स’ हा कंटेनर वाहतुकीच्या नोंदी व कागदपत्रांसाठीचा आपला संयुक्त मंच बंद करत असल्याचे जाहीर केले. २०२३ च्या पहिल्या तिमाहीअखेर तो मंच बंद करायचा, असे त्या निवेदनात ठरवून दिलेले होते. उद्योगजगतात ब्लॉकचेनच्या, म्हणजे अनेकांकडे प्रती असलेल्या आणि मागाहून न खोडता येणाऱ्या सामाईक संगणकीय नोंदवहीच्या, ज्या प्रयोगाचे उदाहरण सर्वाधिक दिले जात असे, त्याचा हा शेवट होता. तो पैशाअभावी झाला असे म्हणता येत नाही, कारण त्याच २०२२ सालात मर्स्कला सुमारे २९ अब्ज डॉलर निव्वळ नफा झाला होता. तंत्र फसले असेही नाही. मर्स्कच्या संबंधित अधिकाऱ्याने निवेदनात स्पष्ट म्हटले होते की, व्यवहार्य मंच उभारण्यात यश आले, परंतु जगभरच्या संपूर्ण उद्योगाचे जे सहकार्य हवे होते ते लाभले नाही, आणि म्हणून स्वतंत्र व्यवसाय म्हणून चालण्याइतकी आर्थिक पातळी गाठता आली नाही. मंच उत्तम चालतो आणि तरीही धंदा उभा राहत नाही, हे कसे घडते, याचा शोध घेण्यासाठी हे प्रकरण निवडले आहे.

कागदांचा प्रवास

प्रारंभ केनियात झाला. २०१४ मध्ये मोंबासाहून रॉटरडॅमला निघालेल्या, गुलाब आणि ॲव्होकॅडो भरलेल्या एका रीफर म्हणजे शीत कंटेनरच्या कागदपत्रांचा मर्स्कने माग काढला, तेव्हा त्या एका कंटेनरपायी सुमारे ३० व्यक्ती आणि संस्थांमध्ये २०० हून अधिक वेळा देवाणघेवाण झाल्याचे आढळले. पुढे २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी असा अंदाज मांडला की, व्यापाराच्या कागदपत्रांचा खर्च प्रत्यक्ष वाहतूक खर्चाच्या एक पंचमांशापर्यंत जाऊ शकतो. निफाड किंवा दिंडोरी भागातील द्राक्ष निर्यातदाराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. माल थंड ठेवण्याची सारी व्यवस्था चोख असते, कंटेनर कटऑफच्या, म्हणजे माल स्वीकारण्याच्या अखेरच्या वेळेच्या, आत न्हावाशेवाला पोचलेला असतो, पण एखाद्या प्रमाणपत्रावरचा कंटेनर क्रमांक शिपिंग बिलावरच्या (सीमाशुल्क विभागाकडे भरलेल्या निर्यातीच्या अर्जावरच्या) क्रमांकाशी जुळत नाही आणि गाडी गेटवर उभी राहते. कागद अडला की माल अडतो, आणि नाशवंत मालाला थांबायला वेळ नसतो.

या सगळ्या कागदांत मुख्य कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग. बंदरावरच्या रोजच्या बोलण्यात नुसते ‘बी-एल’. माल जहाजावर घेतल्याची ती पावती असते, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असते आणि मालावरच्या हक्काचा दस्तऐवजही असते; मूळ बी-एल ज्याच्या हाती, त्यालाच पलीकडच्या बंदरात मालाचा ताबा मागता येतो. रूढीने तिच्या तीन मूळ प्रती निघतात. प्रत्येकीवर ‘ओरिजिनल’ असे छापलेले असते, मागच्या बाजूला अत्यंत बारीक टाइपात वाहतुकीच्या अटी असतात आणि पुढच्या बाजूला, तळाशी सहीच्या जवळ, तिन्हींपैकी एक प्रत वापरली गेली की उरलेल्या दोन आपोआप रद्द ठरतील अशा अर्थाचे एक वाक्य असते. हा संच निर्यातदाराकडून त्याच्या बँकेकडे, तिथून परदेशी बँकेकडे आणि मग आयातदाराकडे कुरिअरने जातो. पुष्कळदा जहाज आधी पोचते आणि कागद मागाहून येतो. मग हमीपत्र द्या, मूळ प्रती निघाल्या त्याच बंदरात सरेंडर करून टेलेक्स रिलीज (कागदाविना माल सोडण्याचा संदेश) घ्या, असे मार्ग काढावे लागतात, आणि तोवर डेमरेजचे, म्हणजे बंदरात माल पडून राहिल्याच्या आकाराचे, मीटर चालू राहते.

त्या एका बारीक वाक्यावर थोडे थांबावेसे वाटते, कारण ब्लॉकचेन इथे का सुचली याचे कारण त्यातच आहे. मूळ प्रतीचे सारे मोल एका गुणात आहे, तो म्हणजे ती एका वेळी एकाच हाती असू शकते. ईमेलने पाठवलेली पीडीएफ दहा जणांकडे जाते आणि दहाही जण ‘माझी खरी’ म्हणू शकतात. एखादी इलेक्ट्रॉनिक वस्तू आत्ता कोणा एकाच्याच ताब्यात आहे आणि ती त्याने दुसऱ्याला दिली की पहिल्याकडे उरत नाही, हे कोणा मध्यस्थाच्या शब्दावर न विसंबता सिद्ध करणे, हेच तर ब्लॉकचेनचे मूळ काम आहे. म्हणजे औषध रोगाला साजेसेच होते. मात्र बोलेरो नावाची इलेक्ट्रॉनिक बी-एलची व्यवस्था ब्लॉकचेनशिवाय १९९९ पासूनच उपलब्ध होती आणि तरीही २०२१ मध्ये जगातील जेमतेम १.२ टक्के बी-एल इलेक्ट्रॉनिक होत्या, ही बाब मर्स्क आणि आयबीएम यांनी जितकी गंभीरपणे घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही, असे माझे मत आहे.

काय उभारले

ब्लॉकचेनची कल्पना आपल्याकडच्या फेरफार नोंदवहीवरून चांगली समजते. जमिनीचा व्यवहार झाला की जुनी नोंद खोडली जात नाही. नवी नोंद खाली चढते, संबंधितांना नोटीस जाते, हरकत नसेल तर नोंद प्रमाणित होते आणि मग सातबारा बदलतो. आता अशी कल्पना करा की ही वही एकट्या तलाठ्याच्या दप्तरात नसून तिची एकेक प्रत गावातील प्रत्येक खातेदाराकडे आहे, आणि कोणत्याही एका प्रतीतली नोंद बाकीच्या प्रतींशी जुळल्याखेरीज ग्राह्यच धरली जात नाही. ट्रेडलेन्स ही जहाज कंपन्या, बंदरे, सीमाशुल्क विभाग, फॉरवर्डर (निर्यातदाराच्या वतीने वाहतूक आणि कागदपत्रे सांभाळणारे मध्यस्थ) आणि निर्यातदार यांची अशी सामाईक वही होती. ती हायपरलेजर फॅब्रिक या परवानगी-आधारित ब्लॉकचेनवर बांधलेली होती, म्हणजे वहीत कोण लिहू शकतो हे आधी ठरलेले होते. मूळ दस्तऐवज साखळीबाहेर साठवला जाई आणि साखळीवर फक्त त्याचा गणिती ठसा नोंदला जाई, जेणेकरून कोणी मागाहून एक अक्षर जरी बदलले तरी ते उघडे पडावे. प्रत्येक जहाज कंपनीसाठी स्वतंत्र मार्गिका ठेवल्यामुळे एकीच्या ग्राहकांची माहिती दुसरीला दिसण्याचा प्रश्न नव्हता.

मर्स्ककडे विकेंद्रित नोंदींची गरज पटवणारा एक कटू अनुभवही होता. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या संगणक-हल्ल्याने कंपनीची जगभरची यंत्रणा कोलमडली, २५ ते ३० कोटी डॉलरचे नुकसान झाले आणि तिच्या समूहातर्फे चालवल्या जाणाऱ्या न्हावाशेवा येथील टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कोपनहेगनमधल्या एका कंपनीचे सर्व्हर पडले की उरणच्या रस्त्यावर ट्रेलर अडकतात, हे त्या वेळी सर्वांनी पाहिले.

जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी संयुक्त कंपनी स्थापण्याचा मनोदय जाहीर केला. ऑगस्टमध्ये ट्रेडलेन्स हे नाव आले, ९४ संस्था सहभागी असल्याचे सांगितले गेले, आणि चाचण्यांतील एका खेपेचा प्रवास ४० टक्क्यांनी कमी झाल्याचा दाखला दिला गेला. ऑक्टोबर २०२० पर्यंत १७५ हून अधिक संस्था, १० जहाज कंपन्या आणि ६०० हून अधिक बंदरे व टर्मिनल यांची माहिती या मंचावर येत होती आणि ३ कोटी कंटेनरांचा माग त्यावर घेतला गेला होता. प्रयोगशाळेत राहिलेला हा प्रकल्प नव्हता, हे या आकड्यांवरून दिसते.

उत्पन्नाचा हिशेब

व्यवसाय-प्रारूप म्हणजे काय, तर कोणासाठी कोणते मोल निर्माण होते, त्याचे पैसे कोण देतो आणि ते कोणाच्या खिशात जातात, याची ठरलेली मांडणी. ट्रेडलेन्सचा ढोबळ आराखडा असा होता की, बंदरे, टर्मिनल, सीमाशुल्क विभाग यांसारख्या माहिती पुरवणाऱ्यांना मंच विनामूल्य आणि ती माहिती वापरून काम हलके करून घेणाऱ्या निर्यातदार-आयातदारांना व फॉरवर्डरना शुल्क. कागदावर हे योग्य दिसते. पण या आराखड्यातला सर्वांत मोलाचा कच्चा माल, म्हणजे कंटेनर कुठे आहे, कोणाचा आहे, कधी निघाला आणि कधी पोचणार ही माहिती, मर्स्कच्या प्रतिस्पर्धी जहाज कंपन्यांकडे होती. ती मिळाल्याखेरीज कोणताही मोठा निर्यातदार पैसे देणार नव्हता, कारण कोणताच मोठा निर्यातदार आपला सगळा माल एकाच कंपनीच्या जहाजाने पाठवत नाही. आयबीएमच्या बाजूने या प्रकल्पाची धुरा सांभाळणाऱ्या मार्विन अर्डली यांनी ऑक्टोबर २०१८ मध्येच मान्य केले होते की, इतर जहाज कंपन्या आल्या नाहीत तर विकायला आपल्याकडे काहीच नाही.

इतर कंपन्यांची अडचण समजण्यासाठी समुद्रावर जाण्याची गरज नाही. एखाद्या बाजार समितीत सर्वांत मोठ्या अडत्याने, आवारातल्या सगळ्यांच्या सोयीसाठी म्हणून, एक उत्तम सामाईक हिशोबवही काढली असे समजा. कोणत्या शेतकऱ्याचा किती माल आला, कोणत्या व्यापाऱ्याने घेतला, तोलाई-हमाली किती लागली आणि हिशोबपट्टी कधी निघाली, हे सारे तीत नोंदवायचे. नोंद कोणालाही खोडता येणार नाही आणि एकाचे पान दुसऱ्याला दिसणार नाही, याची पक्की हमी आहे. तरीही बाकीचे अडते विचारतील की, वही कोणाच्या गाळ्यात ठेवली आहे, वहीचे नियम उद्या बदलायचे ठरले तर कोण बदलणार, आणि वहीच्या शुल्कातून जो पैसा येईल तो कोणाचा? यातला एकही प्रश्न वहीच्या खरेपणाविषयी नाही, म्हणून वही कितीही अभेद्य केली तरी त्यांची उत्तरे मिळत नाहीत. ब्लॉकचेनने नोंदीवरचा अविश्वास दूर केला. पण इथे अविश्वास हेतूवर आणि मिळकतीवर होता, आणि त्यावरचा उपाय सहमतीने, करारपत्रात आणि भागभांडवलाच्या वाटणीत शोधावा लागतो.

२०१८ च्या मध्याला हापाग-लॉइड या जर्मन कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी रोल्फ हाबेन यान्सेन यांनी उघडपणे असाच आक्षेप घेतला होता, की सर्वांचा कारभार असलेला एक सामाईक मंच हवा, दोघांच्या मालकीचा नको. त्यानंतर संयुक्त कंपनीची मूळ कल्पना बाजूला ठेवून दोन्ही कंपन्यांनी सहकार्य कराराचे स्वरूप स्वीकारले. मे २०१९ मध्ये एमएससी आणि सीएमए सीजीएम, तर जुलैमध्ये स्वतः हापाग-लॉइड आणि ओशन नेटवर्क एक्सप्रेस या जहाज कंपन्यांनी सहभाग जाहीर केला. जगातील निम्म्याहून अधिक कंटेनर वाहतुकीची माहिती मंचावर येईल, असे तेव्हा म्हटले गेले. मात्र सहभाग जाहीर करणे आणि आपल्या यंत्रणा खरोखर जोडणे यांत बराच काळ गेला. एमएससी आणि सीएमए सीजीएम यांची जोडणी पूर्ण झाल्याचे सांगायला ऑक्टोबर २०२० उजाडले. दरम्यान कॉस्को, ओओसीएल या जहाज कंपन्या आणि इतरांनी नोव्हेंबर २०१८ मध्येच ‘ग्लोबल शिपिंग बिझनेस नेटवर्क’ या दुसऱ्या ब्लॉकचेन मंचाची घोषणा केली होती. ती संस्था २०२१ मध्ये हाँगकाँगमध्ये नफारहित स्वरूपात, आठ भागधारकांसह स्थापन झाली, आणि त्या भागधारकांत हापाग-लॉइडही होती. ज्या सामाईक वहीची सारी मातब्बरी ती एकच असण्यात होती, तिच्या आता दोन झाल्या होत्या.

मर्स्क स्वतः बदलत होती

या प्रकरणाचे पुष्कळ विश्लेषण मालकीच्या मुद्द्यापाशी थांबते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मर्स्कच्या स्वतःच्या धंद्याची समांतर घडामोड. २०१६ मध्ये कंपनीने तेल-ऊर्जा व्यवसायातून बाहेर पडून कंटेनर वाहतूक आणि लॉजिस्टिक्स यांवरच लक्ष केंद्रित करण्याचे ठरवले. पुढची सहा वर्षे ती बंदर ते बंदर माल नेणारी कंपनी न राहता कारखान्याच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंतची सगळी सेवा एकाच छताखाली देणारी कंपनी होण्यासाठी झटत होती. २०२० मध्ये डॅमको ही तिची फॉरवर्डिंग शाखा मूळ नावात विलीन करण्यात आली. २०२२ मध्ये हवाई मालवाहतुकीतील सेनेटर इंटरनॅशनल आणि आशियातील गोदाम व्यवसायातील एलएफ लॉजिस्टिक्स या कंपन्या तिने विकत घेतल्या; यातल्या दुसऱ्या खरेदीची किंमत ३.६ अब्ज डॉलर होती.

आता हे फॉरवर्डरच्या खुर्चीत बसून पाहा. त्याची मिळकत दोन गोष्टींवर उभी असते: ग्राहकाशी असलेला थेट संबंध आणि निर्यातदाराला नसलेली माहिती. कोणत्या लाइनचे जहाज कोणत्या बंदरात तुंबले आहे, कोणत्या कागदावर कोणाची सही राहिली आहे, हे त्याला फोनवर कळते आणि ते कळण्याचेच त्याला पैसे मिळतात. ट्रेडलेन्स ही माहिती सर्वांसमोर मांडणार होते. तेवढ्यावरच गोष्ट थांबली असती तर फॉरवर्डरने सेवेचा दर्जा वाढवून तिला तोंड दिले असते. परंतु जी कंपनी त्याला सांगत होती की तुझ्या ग्राहकांच्या खेपा या मंचावर नोंदव, तीच कंपनी त्याच ग्राहकांच्या दारी गोदाम, ट्रक आणि सीमाशुल्काच्या कामाची स्वतःची दरपत्रके घेऊन जात होती. माहितीची मार्गिका तांत्रिकदृष्ट्या बंद होती हे त्याला कोणी कितीही समजावले, तरी ज्याच्याशी उद्या स्पर्धा आहे त्याच्या घरात आपली वही ठेवायला कोणताही व्यापारी तयार होत नाही, आणि त्यात त्याचे चुकत होते असे मला वाटत नाही. एकाच कंपनीने एकाच काळात सर्वांसाठी तटस्थ पायाभूत सेवा देण्याचे आणि सर्वांच्या धंद्यात उतरण्याचे ठरवले. पहिल्या बेताला जे सहकारी हवे होते, त्यांनाच दुसरा बेत प्रतिस्पर्धी करून सोडत होता.

आयबीएमचे हित आणखी तिसरेच होते. तिला क्लाउड आणि ब्लॉकचेन सेवा विकायच्या होत्या, आणि ट्रेडलेन्स हे त्याचे सर्वांत मोठे दाखवण्याजोगे काम होते.

जिथे चालले, तिथे का चालले

तुलनेसाठी वॉलमार्ट कॅनडाचे उदाहरण उपयोगी आहे. त्या कंपनीचा माल सुमारे ७० वाहतूक कंपन्या वाहतात, आणि पूर्वी त्यांच्या ७० टक्क्यांहून अधिक बिलांवर वाद होत असे: इंधनाचा दर कोणत्या दिवसाचा, थांबा किती तासांचा, तापमान किती राखले. ब्लॉकचेनवर दोन्ही बाजूंच्या नोंदी एकाच वेळी जुळू लागल्यावर वादग्रस्त बिलांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली आले. इथे व्यवसायाचे प्रारूप बदलावे लागलेच नाही. एकच मोठा खरेदीदार होता, वाहतूकदारांना त्याच्याकडूनच पैसे मिळणार होते, आणि बिल लवकर सुटणे हा त्यांचा रोकड फायदा होता. वहीची मालकी वॉलमार्टकडे आहे याचे कोणाला वैषम्य वाटण्याचे कारण नव्हते, कारण वॉलमार्ट त्यांचा ग्राहक होता, प्रतिस्पर्धी नव्हता.

दुसरे उदाहरण आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षांचे आहे, आणि त्यात ब्लॉकचेन मुळीच नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेने २००६ च्या सुमारास ग्रेपनेट ही माग काढण्याची संगणकीय व्यवस्था सुरू केली. बागेची नोंदणी, कीडनाशक अंशांची प्रयोगशाळेतली तपासणी, पॅकहाउस आणि फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र ही सगळी साखळी तीत जोडलेली आहे, आणि नोंदणीकृत बागेखेरीज माल युरोपला जाऊच शकत नाही. ही वही एका केंद्रीय संस्थेच्या ताब्यात आहे. तंत्राच्या दृष्टीने ती साधा डेटाबेसच. पण अपेडा स्वतः द्राक्षे विकत नाही, त्यामुळे एकमेकांशी चढाओढ करणारे निर्यातदार तीत निर्धास्तपणे माहिती भरतात, आणि सक्ती असल्यामुळे कोणी बाहेर राहत नाही. जे काम ट्रेडलेन्सला ब्लॉकचेनकडून करून घ्यायचे होते, ते इथे तटस्थता आणि सक्ती या दोन जुन्या गोष्टींनी होते.

ट्रेडलेन्सच्या आगेमागे त्याच धाटणीचे इतर प्रकल्पही कोसळले. युरोपीय बँकांचे वुई डॉट ट्रेड आणि विमा कंपन्यांचे बी-थ्री-आय हे दोन्ही २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेले, आणि त्याच नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपली ब्लॉकचेन-आधारित नवी सौदापूर्ती यंत्रणा सोडून दिली. प्रत्येकाची कारणे वेगळी आहेत. ऑस्ट्रेलियाचे प्रकरण तर बऱ्याच अंशी तांत्रिक गुंतागुंतीचे आहे, आणि या सगळ्यांना एकाच माळेत ओवणे मला पटत नाही.

मंच गेल्यानंतर

ट्रेडलेन्स बंद झाले तरी त्याने उकरून काढलेला प्रश्न तसाच राहिला, आणि तो आता वेगळ्या मांडणीत हाताळला जात आहे. एप्रिल २०१९ मध्ये मर्स्क, एमएससी, हापाग-लॉइड आणि ओशन नेटवर्क एक्सप्रेस यांनी ॲमस्टरडॅममध्ये ‘डिजिटल कंटेनर शिपिंग असोसिएशन’ स्थापन केली. ही संस्था मंच चालवत नाही आणि काही विकतही नाही. कंटेनर ‘गेट-इन’ झाला म्हणजे नेमके काय, बी-एलवर कोणता रकाना कोणत्या नावाने असावा, अशी मानके ती ठरवते आणि ती कोणालाही वापरता येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे ट्रेडलेन्सचे अखेरचे आठवडे चालू असताना, तिच्या नऊ सदस्य कंपन्यांनी पाच वर्षांत निम्म्या आणि २०३० पर्यंत सर्व बी-एल इलेक्ट्रॉनिक करण्याचे वचन दिले. त्याच वर्षी २० सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये नवा कायदा अमलात आला, ज्यामुळे इलेक्ट्रॉनिक बी-एलला कागदी मूळ प्रतीइतकेच कायदेशीर स्थान मिळाले. जगातील बहुसंख्य जहाज-करार इंग्लिश कायद्याखाली होत असल्याने ही तरतूद फार मोलाची आहे. आपल्याकडे १८५६ च्या बिल ऑफ लेडिंग कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली.

या मांडणीत वहीचे रकाने सर्वांचे सारखे असतील आणि वही मात्र ज्याची त्याने, हव्या त्या पुरवठादाराकडून घ्यायची आहे. कोणी ब्लॉकचेनवरची घेईल, कोणी साध्या डेटाबेसवरची. एका पुरवठादाराच्या वहीतून निघालेली बी-एल दुसऱ्याच्या वहीत ‘एकमेव मूळ प्रत’ म्हणून उतरली पाहिजे, पहिल्या वहीत ती त्याच क्षणी रद्द झाली पाहिजे, आणि मधल्या काळात ती दोन्हीकडे असता कामा नये. तीन मूळ प्रतींच्या तळाशी छापलेल्या त्या बारीक वाक्याचे काम आता हेच आहे, आणि ते पार पाडण्याची जबाबदारी व तिचा खर्च कोणत्या पुरवठादाराकडे राहणार, यावर सध्या करार लिहिले जात आहेत.